हिपॅटायटिस बीची गोळी चालू आहे, रिपोर्ट चांगले आहेत, तरी माणूस खचत चाललाय: काय करायचं?

चाळीसगाव तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय. त्यांच्या मिस्टरांचं वय ३६. गावातल्या रक्तदान शिबिरात रक्त दिलं आणि हिपॅटायटिस बी, म्हणजे यकृताचा विषाणूचा आजार, असल्याचं कळलं. वर्षभरापासून टेनोफोविरची रोज एक गोळी चालू आहे, एसजीपीटी (यकृताला सूज आहे का ते सांगणारी रक्ततपासणी) आता नॉर्मल आहे. पण रात्री झोप नाही, चिडचिड वाढलीय, कपाशीत लक्ष नाही, पाच वर्षांच्या लेकीला जवळ घेत नाहीत. सासूबाईंनी त्यांचं ताट वेगळं केलंय. श्रावणात कानबाई या देवीच्या सणाला, रोटांच्या जेवणात ते भाऊबंदांच्या पंगतीत बसलेच नाहीत, मळ्यात निघून गेले. ताई विचारतात: हे गोळीमुळे होतंय का? थोडे दिवस बंद करून बघू का? एक जण काविळीचं झाडपाल्याचं औषध देतो, ते सुरू करू का? आणि मनाच्या डॉक्टरांकडे नेलं तर त्या गोळ्या लिव्हरला झेपतील का?

ताई, सगळ्यात घाईचं आधी सांगतो. गोळी बंद करू नका. टेनोफोविर विषाणू संपवत नाही, त्याची वाढ दाबून धरते. मारका बैल दाव्याला बांधलेला असतो तोवर गप्प असतो, दावं सुटलं की पिकात घुसतो, तसं हे आहे. मनानेच गोळी थांबवली की काही आठवड्यांत किंवा महिन्यांत विषाणू पुन्हा उसळू शकतो, एसजीपीटी हजाराच्या घरात जाऊ शकतो आणि काही जणांचं यकृत निकामी होण्यापर्यंत वेळ येते. ही गोळी कधी थांबवायची हे फक्त पोटाच्या किंवा लिव्हरच्या डॉक्टरांनी रक्त तपासून ठरवायचं असतं.

आता, गोळीमुळे मन खचतं का? टेनोफोविरवर डॉक्टर लक्ष ठेवतात ते मूत्रपिंड आणि हाडांसाठी, म्हणून मधूनमधून क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) बघतात. उदासी हा तिचा नेहमीचा परिणाम नाही. 'लिव्हरच्या औषधाने डोकं फिरतं' हा समज आला तो पूर्वी हिपॅटायटिसवर दिल्या जाणाऱ्या इंटरफेरॉनच्या इंजेक्शनांमुळे, आणि त्या औषधाबद्दल तो खराच होता. इंटरफेरॉन घेणाऱ्यांपैकी साधारण चारांत एकाला उपचार चालू असताना नैराश्य यायचं. काहींच्या मनात जीव द्यायचे विचार यायचे, काहींचं थायरॉईड बिघडायचं. हिपॅटायटिस सीसाठी त्याच्या जोडीला रिबाव्हिरिन असायचं, त्याने रक्त कमी व्हायचं, झोप उडायची आणि माणूस कुणावरही खेकसायचा. आता हिपॅटायटिस सीसाठी सोफोस्बुव्हिरसोबत डॅक्लाटास्व्हिर किंवा वेल्पाटास्व्हिर देतात, बहुतेकांचा कोर्स १२ आठवड्यांचा असतो आणि शंभरातले पंच्याण्णवांहून जास्त रुग्ण पूर्ण बरे होतात. मनावर त्यांचा त्रास फारच कमी. इंटरफेरॉन आज क्वचितच वापरतात. तुमच्या घरात ते आलेलंच नाही, त्यामुळे दोष गोळीवर टाकून कारण सापडणार नाही.

कारण शोधायचं तर मी तीन जागा बघतो: यकृत स्वतः, शरीरातलं दुसरं काही, आणि मन व घर. तुमच्या पत्रावरून मला तिसऱ्या जागेचा जास्त संशय आहे. पण पहिली जागा बघितल्याशिवाय तिसरीकडे जायचं नाही, कारण तिथे चूक झाली तर जिवावर बेततं.

यकृत फार खराब झालेलं असेल, म्हणजे सिरॉसिस असेल, तर रक्तातली घाण मेंदूपर्यंत पोचते आणि माणूस बदलतो. दिवसा पेंगतो, रात्री टक्क जागा राहतो. बोलता बोलता विसरतो, शांत माणूस शिवीगाळ करायला लागतो, पसारा करून ठेवतो. हात पुढे करून पंजे मागे वळवायला सांगितलं तर पंजे फडफडतात. अक्षर बिघडतं. बँकेत विड्रॉलच्या स्लिपवरची सही जुळेना म्हणून कॅशियरने परत पाठवलं आणि तिथून घरच्यांच्या लक्षात आलं, असे रुग्ण मी पाहिलेत. आपल्याकडे असा माणूस आधी भगताकडे नेला जातो, 'बाहेरचं झालंय' म्हणून, आणि त्यात दोन-तीन दिवस जातात. ते दोन-तीन दिवसच मोलाचे असतात. बद्धकोष्ठ, जुलाब, कुठलाही जंतुसंसर्ग, रक्ताची उलटी किंवा काळी डांबरासारखी शी, यांपैकी काही झालं की ही अवस्था उफाळते. यावर लॅक्टुलोजचं सिरप आणि हॉस्पिटल हा उपाय आहे, मनाच्या गोळ्या नाहीत. झोपेची गोळी दिली तर उलट बेशुद्धी येऊ शकते.

तुमच्या मिस्टरांचं लिव्हर कितपत खराब आहे हे फायब्रोस्कॅन (यकृत किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी), सोनोग्राफी, प्लेटलेट आणि अल्ब्युमिन यांवरून कळतं. तुम्ही एसजीपीटीच लिहिलाय, बाकीचं लिहिलं नाही. नुसता एसजीपीटी नॉर्मल आला म्हणून सिरॉसिस नाही असं म्हणता येत नाही, म्हणून हे एकदा विचारून घ्या. घरी रोज एक ओळ लिहून घेतली तरी चालेल: स्वतःचं नाव, गावाचं नाव, तारीख. अक्षर चार दिवसांत बदललं किंवा तारीख चुकायला लागली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

दुसऱ्या जागेवर थोडक्यात. थायरॉईड, हिमोग्लोबिन, साखर आणि बी-१२ एकदा तपासून घ्या. थकवा आणि बेचैनी यातूनही येते आणि ती सहज भरून काढता येते. सातपुड्याच्या पट्ट्यात, अक्कलकुवा-धडगावकडच्या रुग्णात मी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचाही विचार करतो, कारण त्यात डोळे पिवळे होतात आणि घरचे 'कावीळ वाढली' म्हणून घाबरतात. तिथे लिव्हरचा रिपोर्ट चांगला असूनही डोळ्यांचा पिवळेपणा राहू शकतो.

आता मन आणि घर. इथे थोडं सविस्तर बोलतो, कारण गोळ्यांपेक्षा इथेच जास्त काम आहे.

तुमचे मिस्टर खरंच ज्या गोष्टीने खचलेत ती बहुधा त्यांच्या रिपोर्टातच आहे. वर्षभर एकही गोळी चुकवली नाही, तरी एचबीएसएजी, म्हणजे हिपॅटायटिस बी आहे का हे सांगणाऱ्या तपासणीच्या पुढे 'पॉझिटिव्ह' छापून येतंच. माणूस मनात म्हणतो, एवढं करून काहीच झालं नाही. खरं तर झालंय. औषध काम करतंय की नाही हे एचबीएसएजीवरून नाही, एचबीव्ही डीएनएवरून, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे यावरून कळतं. तो खूप खाली किंवा 'नॉट डिटेक्टेड' असेल तर औषध छान चाललंय. एचबीएसएजी निगेटिव्ह होणं टेनोफोविरवर फार थोड्यांच्या बाबतीत घडतं आणि ते या उपचाराचं रोजचं ध्येयही नसतं. ध्येय असतं यकृत वाचवणं, सिरॉसिस आणि कॅन्सरचा धोका खाली आणणं. हे त्यांना कुणी पाच मिनिटं बसून सांगितलं नसेल तर ते वर्षभर स्वतःला हरलेला समजत असणार. हिपॅटायटिस सीवाल्यांचं वेगळं दुखणं असतं: आजार बरा झाल्यावरही अँटी-एचसीव्ही (विषाणूविरुद्धची प्रतिद्रव्यं बघणारी) तपासणी बहुधा आयुष्यभर पॉझिटिव्ह येते, ऑपरेशनआधी कुणीतरी ती करतो आणि बरा झालेला माणूस पुन्हा खड्ड्यात जातो. त्यांनी उपचारानंतरच्या आरएनए तपासणीचा (विषाणू खरंच उरलाय का ते हीच सांगते) निगेटिव्ह रिपोर्ट लॅमिनेट करून जवळ ठेवावा, असं मी सांगतो.

मग ताट. मी अशी ताटं पाहिलीत, कडेला नेलपॉलिशचा लाल ठिपका दिलेली, पाणी प्यायचा वेगळा पेला, वेगळी उशी. सासूबाई वाईट नाहीत, त्या नातीला वाचवायला बघतायत. पण शास्त्र स्पष्ट आहे. हिपॅटायटिस बी जेवणातून, पाण्यातून, एका ताटात जेवल्याने, हात धरल्याने, मिठी मारल्याने किंवा शिंक-खोकल्याने पसरत नाही. तो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला जन्माच्या वेळी जातो. कावीळ म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यासमोर पावसाळ्यात घाण पाण्याने होणारी कावीळ येते. ती हिपॅटायटिस ए किंवा ई, वेगळे विषाणू. त्यांचे नियम बीला लावून माणसाला बाजूला बसवलं जातं. वेगळं ठेवायचं ते इतकंच: दाढीचं ब्लेड, नेलकटर, टूथब्रश, आणि जखम झाली तर पट्टी. सांडलेलं रक्त ब्लीचने पुसायचं, कारण हा विषाणू बाहेर सुकलेल्या रक्तातही आठवडाभर टिकतो. ताट, पेला, उशी, लेक, सगळं एकत्र.

कानबाईच्या रोटांचं तुम्ही लिहिलंत ते वाचून मला फार वाईट वाटलं. रोटांचा प्रसाद भाऊबंदांतच खातात, म्हणजे त्या पंगतीतून उठणं हे नुसतं जेवणातून उठणं नव्हे. खानदेशातल्या माणसाला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. पुढच्या श्रावणाची वाट बघू नका. या आठवड्यात घरातल्या सगळ्यांसोबत एकदा एकाच पातेल्यातून वाढून जेवा आणि सासूबाईंना आधी डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. सुनेने सांगितलेलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं यात घरात फरक पडतो. पुढच्या तपासणीला त्यांनाच सोबत न्या.

आणखी एक गोष्ट, जी पत्रात नाही पण बहुतेक घरांत असते. हा आजार शरीरसंबंधातून जातो हे कळलं की नवऱ्याच्या चारित्र्यावर शंका येते, नाहीतर नवराच समजतो की बायकोला शंका येतेय. मोठ्या वयात सापडलेल्या जुनाट हिपॅटायटिस बीमध्ये बरेचदा लागण जन्मतःच किंवा अगदी लहानपणी झालेली असते. लहानपणी झालेली लागण शरीरात कायमची राहण्याची शक्यता जास्त, मोठेपणी झालेली बहुतेकांमध्ये आपोआप जाते. जुन्या काळी न उकळलेल्या सुया, जत्रेत एकाच सुईने काढलेलं गोंदण, न तपासलेलं रक्त, हेही रस्ते होते. म्हणून कुणी कुठे गेलं होतं हा विषय घरात काढूच नका. पण सासूबाईंची आणि सगळ्या भावंडांची एचबीएसएजी तपासणी करून घ्या. सासूबाईंना पॉझिटिव्ह आलं तर तो त्यांचा गुन्हा नाही. त्यांच्या आईकडून त्यांना आलेला असू शकतो. हे आधीच बोलून ठेवा, नाहीतर आज ताट वेगळं करणारी बाई उद्या स्वतःचं ताट उचलून कोपऱ्यात बसेल.

तुमची आणि लेकीची तपासणी झाली का? लेकीला बाळपणी ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरची एकत्र) लस दिली असेल तर त्यात हिपॅटायटिस बीचीही लस असते, कार्ड बघा. तुम्ही निगेटिव्ह असाल तर ०, १ आणि ६ महिन्यांना तीन डोस घ्या आणि शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस (लसीने संरक्षण आलं का ते सांगणारी रक्ततपासणी) करून घ्या. ते १० च्या वर आलं की तुमचं संरक्षण झालं. तोवर निरोध वापरा, नंतर त्या भीतीने दूर राहायचं कारण उरत नाही. हे लिहितोय कारण बरेच नवरे बायकोला जपण्यासाठी खाट वेगळी करतात आणि बायकोला वाटतं की आपण नकोशा झालो. दोघंही एकमेकांना जपत असतात आणि दोघंही एकटे पडतात. पुढे दिवस राहिले तर काय करायचं तेही जाणून ठेवा: आई पॉझिटिव्ह असली तरी बाळाला जन्मल्यावर २४ तासांच्या आत लस आणि इम्युनोग्लोब्युलिन दिलं की बाळ बहुतेक वेळा लागणीपासून वाचतं, आणि आई अंगावर पाजू शकते.

आता उपचार. आमच्याकडे येणारा माणूस 'मला नैराश्य आहे' असं सांगत नाही. तो म्हणतो, 'कशामाच जीव लागत नही', 'डोकं जड शे', 'रातले झोप येत नही'. दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस, जवळपास रोज, कशात मन नाही, झोप-भूक बिघडलीय, स्वतःचं ओझं वाटतंय, असं असेल तर त्याला आजार समजून उपचार करायचा. तुमचं वर्णन मला तिथपर्यंत पोचलेलं वाटतं. प्रत्यक्ष बघितल्याशिवाय निदान करत नाही, पण दाखवायला उशीर करू नका.

गोळ्या लिव्हरला झेपतात का? योग्य निवडलेल्या झेपतात. सर्ट्रालीन किंवा एस्सिटालोप्रामसारखी गोळी कमी डोसने सुरू करतात. यकृत खराब असेल तर एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅमच्या पुढे नेत नाहीत. ड्युलॉक्सेटिन मात्र यकृताच्या रुग्णात टाळायचं. झोपेसाठी मेडिकलमधून स्वतःच आणलेली अल्प्राझोलाम-डायझेपाम नको. अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा असतील किंवा दुखण्याच्या गोळ्या चालू असतील तर सर्ट्रालीनच्या गटातल्या गोळ्यांनी रक्तस्रावाची शक्यता थोडी वाढते, ते मनोविकारतज्ज्ञांना आधीच सांगा. हिपॅटायटिस सीच्या रुग्णांसाठी एक वेगळा इशारा: फिट्स किंवा मूडसाठी कार्बामाझेपिन, किंवा फिट्ससाठी फेनिटॉइन चालू असेल तर सोफोस्बुव्हिरचा असर उतरतो, म्हणून कोर्स सुरू व्हायच्या आधी दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी बोललं पाहिजे. कुठलीही गोळी पहिल्या आठवड्यात जादू करत नाही. दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरं वाटायला लागल्यावरही सहा-नऊ महिने चालू ठेवावी लागते.

झाडपाल्याच्या औषधाला माझा साफ नकार आहे. चुन्याच्या पाण्यात हात धुऊन पिवळं पाणी काढून दाखवणं, गळ्यात माळ घालणं याने निदान यकृताला इजा होत नाही, नुसता वेळ जातो. पण पोटात जाणाऱ्या काढ्यात काय आहे हे देणाऱ्यालाही माहीत नसतं. गुळवेल घेणाऱ्यांच्या यकृताला सूज आल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये शोधनिबंधात नोंदवलंय, आणि ती तर साधी, घराघरांतली वनस्पती. एरंडेल देऊन पोट साफ करणं, हळद-तेल-तूप वर्षभर बंद करणं, फक्त उसाच्या रसावर ठेवणं, यानेही माणूस अशक्त आणि उदास होतो. त्यांना कळण्याची भाकरी, भरीत, वरण, अंडी, दूध, शेवभाजीही कधीमधी खाऊ द्या. सिरॉसिस असेल तर मीठ किती आणि प्रथिनं किती हे डॉक्टर सांगतील. दारू मात्र अजिबात नाही, मोहाचीसुद्धा नाही. रोज भरपूर पीत असतील तर एकदम बंद करताना हात थरथरणं, भास होणं असा त्रास दोन-तीन दिवसांत होऊ शकतो. तो डॉक्टरांच्या देखरेखीत निभावता येतो.

आता एक गोष्ट अवघड आहे, पण विचारायची आहे. त्यांना एकांतात, सरळ शब्दांत विचारा: 'जीव नकोसा झालाय का? जीव द्यायचा विचार येतो का?' असं विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही. उलट बहुतेकांना मोकळं वाटतं. हो म्हणाले तर त्यांना एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. कपाशीच्या घरात फवारणीचं औषध असतंच. ते आजच कुलपात टाका, किल्ली तुमच्याकडे किंवा दिराकडे ठेवा, आणि शक्य असेल तर मळ्यातल्या खोलीतलंही उचला. रात्रीबेरात्री कुणाशी बोलायचं झालं तर १४४१६ हा टेली-मानसचा फोन मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

खर्चाची काळजी तुमच्या पत्रात लिहिलेली नसली तरी ओळींमधून दिसते. केंद्राचा राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ पासून चालू आहे, त्यात बी आणि सीच्या तपासण्या व औषधं मोफत आहेत. जळगावच्या किंवा धुळ्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात हिपॅटायटिसच्या उपचार केंद्राची चौकशी करा. मनोविकार विभागही तिथेच असतो, एका फेरीत दोन्ही होतं. जाताना पहिल्या दिवसापासूनचे सगळे रिपोर्ट तारखेच्या क्रमाने लावून न्या आणि घरात त्यांच्या नावाने असलेली प्रत्येक बाटली आणि पुडी एका पिशवीत घाला, काढा असला तरी. केसपेपरवर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची औषधं दिसली पाहिजेत.

मिस्टर 'मी वेडा आहे का?' म्हणून यायला तयार होणार नाहीत, बरेच जण होत नाहीत. तेव्हा मनाचं नाव काढायची गरज नाही. 'रात्री झोप लागत नाही, त्याचं विचारून येऊ' एवढं म्हणा. झोप ही खरी तक्रार आहे, आणि डॉक्टर पुढचं विचारत जातील. तेही नाही जमलं, तर पहिल्या वेळी तुम्ही एकट्या रिपोर्ट घेऊन आलात तरी चालेल.